सूतिकागृहाच्या उंबऱ्यावरील भयदेवता : सटवी, हडळ व जातहारिणी यांच्या पूर्वपीठिकेचा विचार

(१)

महाराष्ट्रांतील लोकसमजुतींत भुताखेतांचा जो मोठा परिवार आहे त्यांत पुरुषभूतें थोडीं नाहींत. मुंजा, समंध, वेताळ, खवीस, गिऱ्हा, देवचार हीं नांवें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. परंतु ह्या पुरुषभूतांचें ठाणें बहुधा घराबाहेर असतें. कोणाचा पिंपळ, कोणाचें स्मशान, कोणाचा डोह, कोणाची गांवची शीव. घराच्या आंत, थेट बाळंतिणीच्या बाजेपर्यंत ज्यांची मजल जाते त्या मात्र बहुतेक सर्व स्त्रिया आहेत : सटवी, हडळ, अळवंतीण, जखीण, डाकीण. भयाच्या ह्या वांटणींत स्त्रीच्या वांट्यास घराचा अंतर्भाग कां यावा, ह्या प्रश्नाचा जुने ग्रंथ, शिल्प व लोकाचार यांच्या आधारें विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्यांतील कित्येक शब्दांची कुळी मोठी आहे. सटवी म्हणजे षष्ठी; जखीण म्हणजे यक्षिणी; डाकीण म्हणजे डाकिनी; पाणवठ्यावरच्या सात आसरा म्हणजे अप्सरा. षष्ठी ही अपत्य देणारी व राखणारी, यक्षिणी समृद्धि देणारी, अप्सरा तर स्वर्लोकींच्या. मराठी बोलींत मात्र सटवी, जखीण, डाकीण ह्या तिन्ही शिव्या झाल्या आहेत, आणि त्या जिवंत स्त्रीस दिल्या जातात. देवतेपासून भुतापर्यंत आणि भुतापासून शिवीपर्यंत असा हा उतार आहे. आमच्या मतें ह्या सर्व आकृतींच्या मुळाशीं मुख्यतः एकच भय आहे, तें बाळंतपणांतील मृत्यूचें. ह्या भयाशीं जुन्या समाजानें एक प्रकारचा करार केला होता. भयदेवतेचा हक्क ठरवून देऊन तिलाच घराची राखणदार केलें होतें. जेथें हा करार मोडला तेथें भय मेलेल्या स्त्रीवरून जिवंत स्त्रीवर आलें. ह्या विधानास जो पुरावा आम्हांस दिसतो तो क्रमानें पुढें मांडतों.

(२)

हडळ कोणाची होते, ह्या प्रश्नाचें उत्तर गांवोगांव तपशिलांत पालटतें. तथापि मुख्य गोष्ट एकच निघते. गरोदरपणीं, बाळंतपणांत किंवा विटाळशी असतां जी स्त्री मरण पावते तिची हडळ होते. अळवंतीण हा शब्द बाळंतपणांत मेलेल्या स्त्रीच्या पिशाच्चासच लावतात. सवाष्णपणीं कांहीं इच्छा मनांत ठेवून गेलेली ती जखीण, असा सर्वसाधारण समज आहे. कोंकणांतील असल्या समजुतींचें मोठें टांचण नाशिकचे कलेक्टर जॅक्सन ह्यांनीं प्रश्नावलि पाठवून जमविलें होतें. १९०९ सालीं त्यांचा वध झाल्यावर एन्थोवेन ह्यांनीं तें लावून १९१५ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील उत्तरें लिहून पाठविणारे बहुतेक शाळामास्तर होते, ही गोष्ट शिक्षकवर्गास भूषणावह आहे. मात्र ही साक्ष पुरुषांची आहे. ज्या खोलींत हें भय जन्मास आलें तींत त्यांपैकीं कोणाचा प्रवेश नव्हता, हें ध्यानांत ठेवूनच ती वाचली पाहिजे.

ह्या मृत्यूचें निराळेपण शास्त्रकारांसही मान्य होतें. कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूंत (इ. स. १६१२) आणि पंढरपूरच्या काशीनाथोपाध्यायांच्या धर्मसिंधूंत (शके १७१२, इ. स. १७९०) रजस्वला, सूतिका व गर्भिणी यांच्या मरणाचा विचार वेगळा केलेला आहे, स्नानप्रायश्चित्तादि विशेष विधि केल्यावांचून नेहमींचें दहनकर्म तेथें चालत नाहीं. लोकाचार ह्याच वाटेनें गेला. असल्या स्त्रीचें प्रेत नेतांना मागें वाटेवर राळे पेरीत जावयाचे, आणि उंबऱ्यांत लोखंडी खिळा ठोकावयाचा. राळ्याचा दाणा न् दाणा वेंचल्यावांचून तिला घरीं परततां येत नाहीं, अशी समजूत. ज्या तीन मरणांस शास्त्रानें निराळा विधि नेमला, त्याच तीन मरणांस लोकांनीं निराळें भूत नेमलें. हा योगायोग म्हणतां येत नाहीं.

आतां हडळीचें रूप पाहावें. मोकळे केस, हिरवें लुगडें, हातांत हिरवा चुडा, कपाळीं मळवट, पावलें मात्र उलटीं. पुढून देखणी आणि पाठीमागून नुसता हाडांचा सांपळा, असेंही कोंकणांत सांगतात. ती अंगांत आली म्हणजे काय मागते? खण, बांगड्या, हळदकुंकू, दहीभात, भरलेली ओटी. पाणवठ्यावरच्या आसरांस द्यावयाचें तेंही हेंच. हें सामान भुतासाठीं मुद्दाम कल्पिलेलें नव्हे. हें डोहाळजेवणाचें व ओटीभरणाचें सामान आहे. जी ओटी बारशाच्या दिवशीं तिला मिळावयाची होती आणि मिळाली नाहीं, तीच मागावयास ती परत येते. भय दाखविणारी ही आकृति वस्तुतः थकबाकी मागणारी आहे.

(३)

ह्या कल्पनेची जुनी साक्ष महाभारताच्या वनपर्वांत, स्कंदजन्माच्या आख्यानांत सांपडते. नवजात स्कंदास मारण्यासाठीं इंद्रानें लोकमाता पाठविल्या. परंतु त्यास पाहतांच त्या पान्हावल्या आणि त्याच्याच माता झाल्या. घातास आलेली स्त्री आणि पान्हा फुटलेली स्त्री एकच, हें ह्या आख्यानाचें मर्म होय. पुढें हा मातृगण स्कंदापाशीं आपलें स्थान व आपला वांटा मागतो. तेव्हां स्कंद जो निवाडा करतो तो ध्यानांत ठेवण्यासारखा आहे : मुलें सोळा वर्षांचीं होईपर्यंत त्यांवर मातांचा अंमल चालावा, परंतु जेथें त्यांची योग्य पूजा होईल तेथें त्यांनीं मुलांचें रक्षण करावें. मुदत ठरलेली, हक्क ठरलेला, आणि हक्काबरोबर कर्तव्यही ठरलेलें. वतनाच्या निवाड्याचें स्वरूप ह्याहून वेगळें नसतें.

त्याच ठिकाणीं बालकांस व गर्भास पीडा देणाऱ्या ग्रहांची गणना आहे. शकुनिग्रह ती विनता. रेवती ती अदिति. मुखमंडिका ती दिति. सूक्ष्म रूपानें गर्भिणींत शिरून गर्भ खाणारी ती कद्रू. शीतपूतना ही गर्भ हरण करणारी. श्वानांची माता सरमा तीही तशीच. विनता, अदिति, दिति, कद्रू ह्या कश्यपाच्या स्त्रिया. गरुड, देव, दैत्य आणि नाग यांच्या त्या जन्मदात्या. ज्यांच्या उदरीं सर्व प्रजा जन्मली त्याच गर्भाच्या वैरिणी, असें येथें स्पष्ट म्हटलें आहे. स्कंदपत्नी देवसेना हिच्या नांवांत षष्ठी हेंही नांव ह्याच आख्यानांत येतें. आपल्या सटवीचें मूळ तें हें.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत २७ पासून ३७ पर्यंतचे अध्याय बालग्रहांकडे दिलेले आहेत. तेथें नऊ ग्रह मानले असून शकुनि, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना व मुखमंडिका अशा त्यांत सहा स्त्रिया आहेत. लक्षणें सांगतांना वैद्याची दृष्टि सुटत नाहीं. मूल स्तन घेत नाहीं, तोंड वाकडें होतें, मुठी आवळल्या जातात, अंगास झटके येतात. हें वर्णन वाचतांना नवजात बालकाच्या धनुर्वाताची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. नाळेच्या जखमेंतून शिरणारा हा रोग बहुधा तिसऱ्या दिवसापासून चवदाव्या दिवसापर्यंत प्रकट होतो, आणि त्याचा जोर पहिल्या आठवड्याच्या अखेरीच्या सुमारास विशेष असतो. आपल्याकडे पांचवी व सहावी ह्या दोन रात्रीं बाळंतिणीच्या खोलींत पाटा-वरवंटा पुजून, विळा जवळ ठेवून, कोरा कागद व लेखणी मांडून जागरण करण्याची चाल आहे. सटवी त्या रात्रीं येऊन कपाळीं अक्षर लिहिते ही श्रद्धा; परंतु त्याच रात्रींच्या सुमारास पूर्वीं किती बालकें दगावत असत ह्याचा अनुभवही त्या जागरणामागें असावा, असें आम्हांस वाटतें. माता व नवजात बालकें यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें २०१५ सालीं जाहीर झालें. सटवीच्या हातांतील एक मोठें शस्त्र अशा रीतीनें गेलें. चाल मात्र राहिली.

(४)

वनपर्वांत शब्दांनीं सांगितलेला करार दगडांत कोरलेला पाहावयाचा तर अजिंठ्यास जावें. तेथील २ क्रमांकाचें लेणें वाकाटकांच्या काळचें, पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. त्यांत मुख्य गाभाऱ्याच्या उजव्या अंगास हारिती व पांचिक यांचें स्वतंत्र उपगृह आहे. हारिती ही राजगृहाची यक्षिणी. तिला पांचशें पुत्र, आणि ती नगरांतील मुलें खात असे. बुद्धानें तिचा सर्वांत धाकटा पुत्र आपल्या भिक्षापात्राखालीं लपविला. ती शोकानें वेडी झाली, तेव्हां पांचशांतील एक गेला तर तुझी ही अवस्था, ज्यांचें एकुलतें एक तूं नेलेंस त्यांची काय झाली असेल, असें त्यानें तिला विचारलें. ती शरण आली. पण शरण येतांना तिनें एक रोकडा प्रश्न केला, कीं आतां माझ्या मुलांनीं खावें काय? तेव्हां प्रत्येक विहारांत तिच्यासाठीं अन्न वाढून ठेवण्याचें ठरलें. सातव्या शतकांत भारतांत आलेल्या इत्सिंगानें विहारांच्या द्वारांशीं अथवा भोजनशाळेच्या कोंपऱ्यांत हारितीची सपुत्र प्रतिमा असते आणि तिच्यापुढें नित्य अन्न ठेवतात, असें नमूद केलें आहे.

अजिंठ्याच्या शिल्पांत ही सर्व कथा एका चौकटींत आणली आहे. मध्यें मांडीवर मूल घेतलेली, अलंकारांनीं लवलेली हारिती बसली आहे. वरच्या भागीं दोन लहान प्रसंग आहेत : एकांत ती क्रुद्ध होऊन बुद्धावर चालून जाते, दुसऱ्यांत त्याच्यापुढें नम्र झाली आहे. पायथ्याच्या पट्टींत मुलांची शाळा भरली आहे. एका टोंकास छडी घेतलेला पंतोजी, पुढचीं मुलें पाठांत गुंतलेलीं आणि मागचीं खेळांत. बाजूच्या भिंतींवर पूजासाहित्य घेऊन आलेल्या स्त्रिया चितारल्या आहेत. शिल्पकारानें राक्षसीचें रूप पुसून टाकलें नाहीं, हें येथें महत्त्वाचें. भय वर कोपऱ्यांत राहूं दिलें, वात्सल्य मध्यें बसविलें, आणि ज्यांस भय वाटत होतें त्या स्त्रियांस समोर उभें केलें. वेरूळास रावण की खाई ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १४ क्रमांकाच्या लेण्यांत सप्तमातृका आपलीं मुलें घेऊन ओळीनें बसल्या आहेत, आणि त्याच ओळीच्या शेवटीं अस्थिपंजर काळ आहे. मांडीवरचें मूल आणि हाडांचा सांपळा एकाच पंक्तींत बसविण्याची ही बुद्धि आणि पुढून देखणी, मागून सांपळा अशी हडळ कल्पिणारी बुद्धि, यांत आम्हांस फारसें अंतर दिसत नाहीं.

(५)

हारिती विहारांबरोबर विस्मृतींत गेली. परंतु तिची एक बहीण महाराष्ट्रीय घरांत अद्यापि नांदते आहे. सभापर्वांत जरासंधाच्या जन्माची कथा आहे. मगधराज बृहद्रथाच्या दोन राण्यांस प्रत्येकीं अर्धें शरीर असा गर्भ झाला, आणि दायांनीं तीं शकलें चवाठ्यावर टाकलीं. मांस खाणारी जरा राक्षसी तेथें आली, तिनें वाहून नेण्याच्या सोयीसाठीं तीं एकत्र केलीं, तों मूल सांधलें जाऊन रडूं लागलें. तिनें तें खाल्लें नाहीं. राजास नेऊन दिलें. प्रचलित पाठांत ती पुढें आपली ओळख देते, कीं मी घरोघरची गृहदेवी असून जो मला मुलांसह भिंतीवर चितारील त्याच्या घरीं वृद्धि होईल. चवाठ्याचा उल्लेखही सहेतुक आहे. मृच्छकटिकाच्या पहिल्या अंकांत चारुदत्त मैत्रेयास मातृकांचा बलि चवाठ्यावर ठेवण्यासच पाठवीत आहे, आणि आजही उतारा टाकावयाचा तो तिठ्यावर.

श्रावण लागला म्हणजे आपल्या घरांत जिवतीचा कागद लावतात. वर नरसिंह व कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्यें मुलांच्या गराड्यांत बसलेल्या जरा व जिवंतिका, खालीं बुध व बृहस्पति, अशी त्याची मांडणी. छापखाने येण्यापूर्वीं हें चित्र गंधानें भिंतीवर काढीत. दर शुक्रवारीं दूर्वा व आघाडा यांची माळ आणि गेजवस्त्र वाहून पूजा करावयाची, पुरणाचा नैवेद्य दाखवावयाचा, मुलांस ओवाळावयाचें, आणि मूल परगांवीं असेल तर चारी दिशांस अक्षता टाकावयाच्या, असा आचार आहे. ज्या गृहिणी हें व्रत पिढ्यान् पिढ्या करीत आल्या त्यांपैकीं किती जणींस आपण एका मांसभक्षक राक्षसीस कुंकू लावीत आहों ह्याची जाणीव असेल? पण कराराची कलमें त्यांनीं चुकूं दिलीं नाहींत. भिंतीवर जागा, सभोंवतीं मुलें, वर्षाचा ठराविक मान. महाभारतांतल्या जरेनें मागितलें तें तिला तसेंच्या तसें पोंचतें.

(६)

येथवर पाहिलेल्या भयदेवतांचें सांत्वन होऊं शकतें. कारण त्यांची मागणी ठरलेली आहे. परंतु ह्याच परंपरेची दुसरी एक शाखा निराळ्या दिशेस गेली. तिचें नांव जातहारिणी, म्हणजे जन्मलेलें मूल हरण करणारी. मार्कंडेयपुराणांत चाक्षुष मनूच्या आख्यानांत ती एका आईच्या शेजारचें मूल उचलून विक्रांत राजाच्या राणीच्या शेजेवर ठेवते, राजाचें मूल बोध नांवाच्या ब्राह्मणाच्या घरीं नेते, आणि त्या ब्राह्मणाचें मूल खाऊन टाकते. ह्या अदलाबदलीची आठवण पुढें लागणार आहे.

जातहारिणीचा सर्वांत विस्तृत विचार काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पांत आहे. ही संहिता नेपाळांतील एका खंडित ताडपत्री पोथीवरून, राजगुरु हेमराज शर्मा यांच्या विस्तृत संस्कृत उपोद्घातासह, १९३८ सालीं मुंबईस छापली गेली. तींत रेवतीस षष्ठी हेंही नांव दिलें आहे. साध्य, याप्य व असाध्य असे जातहारिणीचे वर्ग केले आहेत, आणि गर्भ कोणत्या अवस्थेंत नष्ट होतो त्याप्रमाणें तिचे भेद सांगितले आहेत. वैद्यकाच्या दृष्टीनें ही गर्भनाशाची काळजीपूर्वक केलेली नोंद आहे. परंतु ह्या भेदांबरोबर दोन नव्या गोष्टी येतात. एक अशी कीं, पीडेचें कारण मुख्यतः त्या स्त्रीच्याच अधर्माचरणांत शोधलें आहे. सुश्रुतही माता व धात्री यांच्या अपचाराचा उल्लेख करतो. पण ग्रहोत्पत्तीच्या अध्यायांत तो सबंध घरावर बोट ठेवतो, जेथें देव, पितर व अतिथि यांचा मान राहत नाहीं, जेथें फुटक्या कांस्यपात्रांत जेवतात, त्या घरीं ग्रह शिरतात असें म्हणतो. रेवतीकल्पांत घराचा दोष मागें पडून बाईचा दोष पुढें आला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जातहारिणी एका स्त्रीकडून दुसरीकडे संसर्गानें जाते असें सांगून ती कोणाकोणाच्या द्वारां येते ह्याची लांबलचक गणना तेथें दिली आहे. त्या गणनेंत परिव्राजिका व श्रमणा आहेत, निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया आहेत, आणि लोहारीण, सुतारीण, कुंभारीण, माळीण, परटीण अशा कारूंच्या स्त्रियाही आहेत. म्हणजे दारावर नित्य येणाऱ्या, घरोघर फिरणाऱ्या, कष्टावर किंवा भिक्षेवर जगणाऱ्या ज्या ज्या बायका, त्या सर्व संशयाच्या यादींत आल्या. हडळ मेलेली असते. तिची ओटी भरली कीं ती जाते. जिवंत स्त्रीची ओटी भरून संशय फिटत नाहीं. ज्या क्षणीं भयानें मृत स्त्रीस सोडून शेजारणीचा हात धरला त्या क्षणीं करारास जागा उरली नाहीं. उरला तो दंड.

ह्या दंडाचा इतिहास ग्रंथांपुरता नाहीं. उदयपूर संस्थानांत डाकण ठरवून स्त्रियांस मारण्याच्या प्रथेवर १८५३ सालीं बंदी घालावी लागली, आणि महाराष्ट्रांत नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा अधिनियम २०१३ सालीं झाला. एखाद्या व्यक्तीनें करणी किंवा जादूटोणा केला असें सांगून तिचा छळ करणें हा त्यानें गुन्हा ठरविला आहे. त्या दोन वर्षांमध्यें १६० वर्षांचें अंतर आहे. जुन्या पोथ्यांतील जातहारिणी ही केवळ पंडितांच्या कुतूहलाचा विषय आहे, असें ह्यावरून कोणास म्हणतां येणार नाहीं.

(७)

येथवरची ग्रंथगत साक्ष पुरुषांची आहे. स्त्रियांची स्वतःची साक्ष ह्या विषयांत आहे काय? आमच्या मतें ती आहे, आणि ती श्रावणांतल्या शुक्रवारच्या कहाणींत आहे. कहाणी सर्वश्रुत असली तरी तिच्याकडे ह्या दृष्टीनें पाहिलें गेलेलें नाहीं, म्हणून तिचा गोषवारा देतों. राणीस मूल नाहीं; राज्यास वारस हवा. ती सुईणीस द्रव्य देऊन वश करते. सुईण एका गरीब ब्राह्मणीचें डोळे बांधून बाळंतपण करते, मुलगा राणीकडे पोंचविते, आणि आईस वरवंटा दाखवून हेंच तुला झालें म्हणून सांगते. आई जिवतीची पूजा धरते. हिरवें लुगडें नेसत नाहीं, हिरव्या बांगड्या भरीत नाहीं, कारल्याच्या मांडवाखालून जात नाहीं, तांदळाचें धुवण ओलांडीत नाहीं, आणि मूल जेथें असेल तेथें खुशाल असो म्हणून अक्षता टाकते. तो मुलगा राजा होतो. काशीयात्रेच्या वाटेवर तो अशा एका घरीं उतरतो कीं जेथें मुलें जन्मतात आणि पांचव्या-सहाव्या रात्रीं जातात. राजा दारांत आडवा निजतो. मध्यरात्रीं सटवी येते. पण उंबऱ्याशीं जिवती उभी राहून तिला आपलें नवसाचें बाळ ओलांडूं देत नाहीं. त्या घरचें मूल वांचतें. पुढें गयेस पिंड देतांना दोन हात वर येतात. राजास संशय येतो. तो गांवजेवण घालतो आणि खऱ्या आईचा पान्हा फुटून धार त्याच्या तोंडांत पडते.

मार्कंडेयपुराणांतील जातहारिणी आणि ही कहाणी यांचा कथाबंध एकच आहे : दुसऱ्या आईचें मूल राणीच्या शेजेवर. परंतु पुराणांत जें राक्षसीचें कृत्य तें कहाणींत राणीच्या हुकुमानें आणि सुईणीच्या हातानें होतें. येथेंही दोष एका कष्टकरी स्त्रीकडे, सुईणीकडे, जातो हें खरें; पण तो दोष लांचेचा आहे, मंत्राचा नाहीं, आणि त्याच्या मागें राजवाड्याची गरज उभी आहे. ज्या आईचें मूल गेलें तिच्या आचरणांत कहाणी कोठेंही पाप शोधीत नाहीं. रेवतीकल्पकार आणि शुक्रवारच्या कहाणी सांगणाऱ्या बायका एकाच दुःखाविषयीं बोलत आहेत. पहिला विचारतो बाईनें काय केलें, दुसऱ्या सांगतात बाईचें काय केलें.

उंबऱ्यावरचा सटवी-जिवतीचा प्रसंगही असाच बोलका आहे. सटवी व जिवती ह्या मूळच्या परक्या नव्हेत. घातास येणारी आणि पान्हावणारी अशी जी एकच लोकमाता वनपर्वांत दिसते तिचींच तीं दोन रूपें आहेत. कहाणीनें तीं समोरासमोर उभीं केलीं आणि निवाडा आईच्या बाजूनें लावला. हडळीच्या अंगावर असणारें हिरवें लुगडें ह्या आईनें टाकलें आहे, ह्यांतही कांहीं संबंध असावा असा आमचा तर्क आहे. मृत सूतिकेचा वेष जिवंत आईनें घ्यावयाचा नाहीं, असा संकेत त्यांत संभवतो. तर्क म्हणूनच तो येथें नोंदवितों.

(८)

आतां संग्राहकांस दोन शब्द. जुनीं दप्तरें व बाडें हातीं आलीं म्हणजे सनदा, महजर, करीने, शकावल्या आधीं वेगळ्या काढल्या जातात, काव्याच्या व शास्त्राच्या पोथ्या त्यांच्या मागून. आणि बालग्रहशांति, सटवीचीं यंत्रें, दृष्टीचे मंत्र असल्या चोपड्या किरकोळ म्हणून तळाशीं राहतात किंवा रद्दींत जातात. रावणाच्या नांवावर चालणारें कुमारतंत्र हें ह्या वर्गाचें उत्तम उदाहरण आहे. पहिला दिवस, पहिला मास व पहिलें वर्ष येथपासून बाराव्यापर्यंत कोणती मातृका बालकास धरते, तिच्यासाठीं नदीच्या दोन्ही तीरांची माती आणून पुतळी कशी करावी, बलि कोणता व कोणत्या दिशेस द्यावा, ह्याचें त्यांत कोष्टकच आहे. अकराव्या शतकांत चक्रपाणिदत्तानें त्याचा आपल्या ग्रंथांत संग्रह केला, आणि तिबेटी व चिनी भाषांपर्यंत तें पोंचलें. असल्या पोथीची दहावी प्रत विद्वानांस कंटाळवाणी वाटेल. पण ती कोणत्या गांवीं, कोणाच्या घरीं वापरांत होती, कोणतें पान हाताळून मळलें आहे, समासांत कोणत्या दिवसापुढें खूण केली आहे, ह्या गोष्टी पहिल्या प्रतींत मिळत नाहींत.

म्हणून आमची सूचना अशी कीं, अशी चोपडी मिळाल्यास तिची पुष्पिका, मालकाचें गांव, समासांतील टीपा व मळलेलीं पानें यांची नोंद अवश्य करावी. जिवतीचे जुने कागद, विशेषतः हातानें काढलेले व जुन्या छापखान्यांचे, जपून ठेवावे. कहाण्या छापील पुस्तकावरून न घेतां वृद्ध स्त्रियांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत, उतरून घ्याव्या. चेटकाच्या आरोपाचा कागद आढळल्यास त्यांतील आरोप जितका काळजीनें वाचावा तितकीच काळजीनें आरोपी स्त्री काय काम करीत असे, विधवा होती कीं निपुत्रिक, तिच्याजवळ जमीन होती कीं काय, हेंही पाहावें.

घराण्यांच्या वंशावळी आपण मोठ्या श्रमानें जुळवितों. त्यांत एकाच पुरुषाचीं दोन-दोन, तीन-तीन लग्नें आढळतात. पहिल्या स्त्रीचें काय झालें हें बहुधा लिहिलेलें नसतें. पुष्कळदां तिचें नांवही नसतें. कितीएक जणी पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणांतच गेल्या असतील. कागदानें ज्यांची नोंद ठेविली नाहीं त्यांची नोंद गांवच्या विहिरीवरच्या हडळीच्या गोष्टीनें तेवढी ठेविली आहे. ती गोष्ट भाकडकथा म्हणून टाकून देण्यापूर्वीं, ती कोणत्या विहिरीची, कोणत्या वाड्याजवळची आणि कोणत्या पिढींतली, एवढें विचारून घ्यावें आणि वंशावळीच्या त्या रिकाम्या जागेजवळ लिहून ठेवावें, अशी सर्व अभ्यासकांस आमची विनंति आहे.